बाबराची तक्रार : शिंगाची कमान आणि पावसाळी हवा

भाद्रपद महिना आला की हवेतली ओल घरात काय काय करते हे गृहिणींना सांगायला नको. मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात, आगपेटीची काडी तीनदा घासावी लागते आणि उन्हाळ्यात सहज लागणारे लाकडी दार चौकटीत अडकून बसते. विसर्जनाच्या मिरवणुकीत हलगीवाला मधूनच बाजूला होतो, चार कागद पेटवतो आणि त्यावर हलगी शेकून घेतो. चामड्यात ओल शिरली की ते सैल पडते व आवाज बसतो. शेकले की पुन्हा ताणले जाते व आवाज कडक येतो. या साध्या गोष्टीने एके काळी लढायांचे वेळापत्रक ठरवले आहे, असे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. पण ते खरे आहे आणि त्याविषयीच या लेखात चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वाघिणींच्या स्प्रिंगा, चाके, आस यांच्या संगतीत नोकरीची वर्षे गेली. वाघिणीखाली एकावर एक पट्ट्या बसवून केलेली जी स्प्रिंग असते तिला आमचे हिंदी भाषक फिटर 'कमानी' म्हणतात. आपण मराठीत घड्याळाच्या स्प्रिंगला 'कमान' म्हणतो. हा शब्द मुळात फारसी आणि त्याचा अर्थ धनुष्य. म्हणजे धनुष्य ही माणसाने हाताने केलेली फार जुनी स्प्रिंग आहे. एवढ्या नात्याच्या बळावर मी या विषयाला हात घालतो आहे.

बाबर काय म्हणाला?

इ.स. १५२६ च्या एप्रिलमध्ये बाबराने पानिपतची पहिली लढाई जिंकली. त्यानंतर आपल्या आत्मचरित्रात, म्हणजे 'बाबरनाम्या'त, त्याने हिंदुस्थानचे सविस्तर वर्णन लिहिले. इथली झाडे, फळे, पशुपक्षी, कारागीर, सगळे त्यात आहे. इथल्या पावसाळ्यातली हवा त्याला आवडली. पण तिचा एक दोष तो आवर्जून नोंदवतो, तो म्हणजे ओल. आमच्या मुलखातून आणलेली कमान इथला एक पावसाळा काढल्यावर ओढण्याच्या लायकीची राहत नाही, असे तो सांगतो. आणि नुसती कमानच नव्हे, तर चिलखत, पुस्तके, कपडे, भांडीकुंडी या सर्वांवर ओलीचा परिणाम होतो, घरेसुद्धा फार टिकत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे.

बाबर हा मध्य आशियातील फरगाण्याचा. काबूलमार्गे तो इथे आला. त्या कोरड्या प्रदेशात कमान ही पिढ्यान्‌पिढ्यांची सोबतीण. ती आपल्या डोळ्यांदेखत निकामी होताना पाहणाऱ्या जाणत्या सैनिकाचे हे निरीक्षण आहे. त्यामागचे कारण समजायला ही कमान कशाची बनते ते पाहावे लागेल.

चार द्रव्यांची स्प्रिंग

आपल्याकडे रामलीलेत दिसते ते धनुष्य एका काठीचे असते. बाबराची कमान तशी नव्हती. तिच्यात मुख्य द्रव्ये चार : लाकूड, शिंग, स्नायू आणि सरस.

मध्ये लाकडाची पातळ पट्टी, तो कमानीचा गाभा. पोटाच्या बाजूला, म्हणजे तिरंदाजाच्या तोंडाकडील बाजूला, म्हशीच्या शिंगाच्या तासलेल्या पट्ट्या. पाठीच्या बाजूला, म्हणजे लक्ष्याकडील बाजूला, जनावराच्या पायातील स्नायू वाळवून, कुटून, त्यांचे धागे सुटे करून सरसात भिजवून बसवलेले थर. हे सर्व जोडणारा सरस कातडी, स्नायू किंवा माशाच्या पोटातील हवेची पिशवी उकळून काढलेला. वरून ओलीपासून बचाव म्हणून झाडाची साल, पातळ चामडे किंवा रोगण.

ही रचना इतकी शहाणपणाची आहे की आजच्या इंजिनिअरनेही दाद द्यावी. कमान ओढली की तिची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. आर.सी.सी.च्या तुळईत आपण काय करतो? दाब सोसायला काँक्रीट आणि ताण सोसायला लोखंडी सळई. इथे दाब सोसायला शिंग आणि ताण सोसायला स्नायू, आणि मधल्या लाकडाचे काम दोघांना योग्य अंतरावर धरून ठेवण्याचे. साधे लाकूड त्याच्या लांबीच्या शंभराव्या भागाइतके ताणले की तुटायच्या बेतास येते. स्नायूचा धागा त्याच्या कितीतरी पट ताण सोसून पुन्हा मूळ लांबीवर येतो. वजनाच्या हिशेबात पाहिले, तर एक किलो स्नायू एक किलो स्प्रिंगच्या पोलादापेक्षा सुमारे पंधरा ते वीस पट ऊर्जा साठवू शकतो आणि शिंग दहा पटीच्या आसपास.

म्हणूनच ही कमान आखूड करता येते, घोड्यावरून चालवता येते आणि तरीही बाण लांब जातो. दोरी उतरवली की ती उलट्या बाजूला वळते, काही तर जवळजवळ खेकड्याच्या नांग्यांसारख्या. दोरी, जुन्या भाषेत चिल्ला, चढवताना तिला उलटी फिरवावी लागते, त्यामुळे ओढायला सुरुवात करण्याआधीच तिच्यात मोठा ताण भरलेला असतो. तुर्कस्तानचा सुलतान तिसरा सलीम याने १७९८ साली अशा कमानीने ८८९ मीटरवर बाण टाकल्याची नोंद आहे. इथल्या लोकांना कल्पना यावी म्हणून सांगतो, पूर्ण लांबीच्या मालगाडीच्या इंजिनापासून बाण सुटला तर तो गार्डच्या डब्याच्याही पलीकडे जाऊन पडेल.

अशी कमान घाईने होत नाही. सरसाचा प्रत्येक थर सावकाश वाळावा लागतो. चीनच्या 'खाओ कुंग ची' या कारागिरीवरील प्राचीन ग्रंथात वर्षाचे ऋतूच वाटून दिले आहेत : लाकूड हिवाळ्यात फोडावे, शिंग वसंतात भिजवावे, स्नायू उन्हाळ्यात तयार करावेत, तिन्ही शरदात जोडावेत आणि पुढल्या थंडीत कमानीला आकार पक्का करावा. चांगल्या तुर्की कमानीलाही तयार व्हायला एक वर्ष किंवा अधिक लागे. कारागिराच्या हाताइतकाच हवेचाही त्यात वाटा होता.

ओल नेमके काय करते?

आता मुद्द्याकडे वळू. वर सांगितलेल्या चारही द्रव्यांना पाण्याची ओढ आहे. लाकूड, शिंग, स्नायू, सरस हे सारे हवेतून ओल घेतात आणि हवा कोरडी झाली की परत सोडतात. लाकडाचे आकडे सर्वांना माहीत आहेत : हवेतील आर्द्रता शेकडा ३० असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी राहते, ६५ असेल तर सुमारे १२ टक्के, आणि ९० झाली तर २० टक्क्यांच्या आसपास. लाकडातले पाणी एक टक्क्याने वाढले की त्याचा ताठपणा साधारण दोन टक्क्यांनी घटतो. म्हणजे मे महिन्यातले लाकूड आणि ऑगस्टमधले लाकूड हे एकच लाकूड नव्हे.

स्नायू आणि सरस यांचे प्रकरण त्याहून नाजूक. दोन्ही एकाच कुळातले. स्नायूतले जे मुख्य द्रव्य तेच उकळून सरस होतो. कोरडा सरस काचेसारखा कडक असतो; ओल मिळाली की रबरासारखा होतो, आणखी मिळाली की जेलीसारखा. शिंगही ओलीने मऊ पडते; म्हणून तर कारागीर शिंग वळवण्याआधी ते भिजवून तापवत असत.

परिणाम दोन प्रकारचे. पहिला, कमान मऊ पडते. ओढायला हलकी लागते, पण सोडल्यावर बाणाला जोर मिळत नाही. कारण ओढताना खर्च केलेल्या शक्तीपैकी बरीचशी आतल्या आतच जिरते. हलगीचा आवाज बसतो तसाच हा प्रकार. हा परिणाम कमान सुकवून दूर करता येतो. दुसरा परिणाम मात्र कायमचा. मऊ पडलेल्या अवस्थेत कमान दोरी चढवूनच ठेवली, तर सरसाचे थर एकमेकांवरून हळूहळू सरकतात. ताणाखाली दीर्घ काळ राहिलेले द्रव्य सावकाश वाहते, त्याला आम्ही 'क्रीप' म्हणतो. कमान आपला उलटा बाक विसरते, एक बाजू दुसरीपेक्षा दुबळी होते, ती पिळली जाते आणि शेवटी थर सुटतात. बाबराच्या कमानीचे झाले ते हेच.

पण एकटी ओलच शत्रू आहे असे समजू नये. कमान अति सुकली तरी धोका असतो. वैशाखातल्या लूमध्ये सरस फार कोरडा पडला तर तो ठिसूळ होतो, शिंगात बारीक चिरा जातात आणि पूर्ण ओढलेली कमान एका क्षणात फुटते. मध्य भारतात दोन्ही टोके एकाच वर्षात येतात. मे महिन्यात भिलाईत दुपारी ओठ फुटतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये वाळत टाकलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. एकाच कमानीने हे दोन्ही सोसायचे म्हणजे वर्षातून एकदा तरी तिच्या सरसाची परीक्षाच.

बाणांनाही हा त्रास होतोच. पिसे भिजली की मिटतात व बाण भरकटतो, आणि बोरूची काडी ओलीने वाकते. दोरी स्नायूची किंवा तातीची असेल तर ती ओलीने लांबते. म्हणून रेशमी दोरीला मान होता आणि तिला मेण लावण्याची चाल होती.

ओलीने वळवलेला इतिहास

आता काही प्रसंग पाहू. पहिला दूरच्या कोरियातला. इ.स. १३८८ मध्ये तिथल्या राजाने आपला सेनापती यी सोंग-ग्ये याला चीनच्या हद्दीतील लिआओतुंग प्रांतावर चालून जाण्याचा हुकूम दिला. सेनापतीने स्वारी करू नये म्हणून चार कारणे मांडली. त्यातले चौथे असे, की हे पावसाचे दिवस आहेत, कमानींचा सरस सुटेल आणि सैन्यात रोगराई पसरेल. राजाने ऐकले नाही. यालू नदीतल्या विह्वा बेटापर्यंत जाऊन सेनापती फौजेसह मागे फिरला आणि त्याने राजधानीच ताब्यात घेतली. चार वर्षांनी, १३९२ मध्ये, तो स्वतः राजा झाला. त्याच्या घराण्याचे राज्य १९१० पर्यंत टिकले. एका राजवंशाच्या जन्मकथेत सरसाचा उल्लेख येतो, हे विशेष.

दुसरा प्रसंग आपल्या देशाच्या सीमेवरचा आणि फार जुना. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरस आणि अलेक्झांडर यांची लढाई झाली. तेव्हाचे भारतीय धनुष्य शिंगाचे आखूड नव्हते; माणसाच्या उंचीचे, एक टोक जमिनीवर टेकवून ओढायचे होते. पावसाने जमीन निसरडी झाली होती आणि धनुष्याला जमिनीचा आधार मिळेना, असे रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो. म्हणजे ओलीने इथे कमानीला नव्हे, तर तिच्या पायाखालच्या मातीला गाठले.

तिसरा प्रसंग प्रत्येक मराठी माणसाच्या मनात कोरलेला आहे : पुरंदरचा वेढा. १६६५ च्या मार्चअखेर मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला. एप्रिलच्या मध्याला वज्रगड पडला. त्यानंतर किल्लेदार मुरारबाजी देशपांडे निवडक मावळ्यांनिशी खाली उतरून मोगलांवर तुटून पडले. सभासदाची बखर सांगते की त्यांचा पराक्रम पाहून दिलेरखानाने त्यांना कौल देऊ केला, मुरारबाजींनी तो धुडकावला आणि मग खानाने स्वतः तिरंदाजी करून त्यांना पाडले. मोगल सरदारांच्या हाती त्या काळी मानाची म्हणून असे ती शिंगाचीच कमान. दिवस कोणते होते ते पाहा : दख्खनचा ऐन उन्हाळा, हवा कोरडी ठणठणीत. शिंगाच्या कमानीला याहून अनुकूल हवा नाही. जूनच्या मध्यास तह झाला आणि लगेच पावसाळा लागला.

मराठ्यांचा भर भाला, तलवार, बंदूक आणि घोड्याचा वेग यांवर होता, कमानीवर नव्हता. त्याची कारणे अनेक आहेत आणि सारे श्रेय पावसाला देणे बरोबर होणार नाही. तरी एवढे खरे, की ज्या मावळात चार महिने धुके आणि पाऊस, तिथे सरसाने जोडलेले महागडे शस्त्र सांभाळणे सोपे नव्हते. पाऊस बंदुकीलाही सोडत नसे. तोड्याच्या बंदुकीची जळती वात विझे आणि दारू भिजे. फ्रेंच प्रवासी बर्निये याने औरंगजेबाच्या काळात लिहून ठेवले आहे की बंदूकवाला दोन बार काढतो तेवढ्यात घोडेस्वार सहा बाण सोडतो. पण हा हिशेब कोरड्या हवेतला.

म्हणून सगळ्यांनीच एक सोय पाळली : पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन. नद्यांना उतार मिळणे, घोड्यांना चारा मिळणे, शेतीतून माणसे मोकळी होणे ही मुख्य कारणे. त्यांच्या जोडीला शस्त्रांच्या कोठारातले हेही कारण होते. नवमीला शस्त्रे बाहेर काढून पुसून, तेल लावून पूजायची, यात भक्ती तर आहेच, पण चार महिन्यांच्या ओलीनंतरची वार्षिक तपासणीही आहे. आमच्याकडे पावसाळ्याआधी आणि नंतर रूळमार्गाची विशेष पाहणी होते, तसेच काहीसे. १७४१ च्या सुमारास भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वारीने रतनपूर भोसल्यांच्या सत्तेखाली आले आणि पुढे बिंबाजी भोसले १७८७ पर्यंत तिथे राहिले. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल इकडे बिंबाजींनी रुजवली, असे छत्तीसगडच्या इतिहासाच्या पुस्तकांत सांगतात. म्हणजे आपण इथे दसऱ्याला सोने लुटतो त्यालाही अडीचशे वर्षांची परंपरा आहे.

ओलीवरची तीन उत्तरे

इथल्या लोकांनी ओलीपुढे हात टेकले नाहीत. त्यांनी तीन वाटा काढल्या.

पहिली, कमान जपणे. हिंदुस्थानी शिंगाच्या कमानींवर रोगणाचे थर देऊन त्यावर सोनेरी वेलबुट्टी काढलेली दिसते. ती नुसती शोभा नव्हे. रोगण ओल अडवते. दोरी उतरवून ठेवणे, पिशवीत गुंडाळणे, वापरण्याआधी हलकी ऊब देणे ही सारी त्याच जपणुकीची अंगे. कोरियात आजही शिंगाची कमान वापरणारे तिरंदाज ती उबदार पेटीत ठेवतात. आपल्या स्टोअरमध्ये वेल्डिंगच्या कांड्या ओव्हनमध्ये ठेवतो, त्याच विचाराने.

दुसरी वाट, ओलीला दाद न देणारे द्रव्य. हिंदुस्थानात पोलादाच्या कमानी झाल्या. अनेक शस्त्रसंग्रहालयांत त्या दिसतात, काहींवर सोन्याचे कोफ्तगारी काम आहे. आकार हुबेहूब शिंगाच्या कमानीचा, पण सारे अंग पोलादी. सरस नाही, म्हणून सुटण्याची भीती नाही. तेल लावून किल्ल्याच्या शस्त्रागारात टांगली की वर्षांनंतरही तयार. आपण भिलाईचे लोक, आपल्याला हे उत्तर आवडणारच! ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली धमनभट्टी सुरू झाली आणि तेव्हापासून पोलाद हाच आपला अन्नदाता आहे. तरी न्यायाने सांगितले पाहिजे की कमान म्हणून पोलाद डावे पडते. शिंग व स्नायू पाण्याहून थोडेच जड. पोलाद त्यांच्या सुमारे सहा पट जड. दोरी सुटल्यावर कमानीचे जड बाहू स्वतःला हलवण्यातच बरीच शक्ती खर्च करतात आणि बाणाच्या वाट्याला कमी येते. शिवाय पोलादात चीर लपलेली असली तर ते न सांगता तुटते. म्हणजे पोलादी कमान वेगात कमी, पण भरवशाला पक्की. कोरड्या दिवसात शिंग श्रेष्ठ. बारा महिन्यांचा हिशेब मांडला तर निकाल तितका सोपा राहत नाही.

तिसरी वाट सर्वांत जुनी आणि आपल्या शेजारची : बांबू. बस्तरच्या मुरिया-माडिया बांधवांचे धनुष्य बांबूचे असते आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीच्या पट्टीची. त्यात सरस नाही, स्नायू नाही, शिंग नाही. भिजले तर पुसायचे, चुलीवरच्या धुरात टांगायचे. मोडले तर रानात जाऊन दुसरे करायचे. १९१० च्या भूमकाल उठावात गुंडाधूरच्या नेतृत्वाखाली बस्तरचे लोक इंग्रजी बंदुकांसमोर उभे राहिले ते अशीच धनुष्ये घेऊन. शहरातले आपण त्या धनुष्याला मागासलेले समजतो. पण ज्या रानात जूनपासून सप्टेंबरपर्यंत झाडांवरून पाणी ठिबकत असते, तिथे बादशहाची रत्नजडित कमान आठ दिवसांत गळाठली असती आणि बांबूचे धनुष्य चालत राहिले असते. अग्निपुराणात धनुष्याची द्रव्ये म्हणून धातू, शिंग आणि लाकूड सांगितली आहेत आणि दोरीच्या द्रव्यांत बांबूची गणना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार प्रकारची धनुष्ये येतात. ज्या विष्णूला आपले संत सारंगपाणी म्हणतात, त्याचे 'शार्ङ्ग' धनुष्य म्हणजे शृंगाचे, शिंगाचे धनुष्य. म्हणजे बाबर येण्यापूर्वी कितीतरी शतके या देशाला शिंगही ठाऊक होते आणि बांबूही. कुठे काय चालते हेही ठाऊक होते.

कमानगर कुठे गेले?

बंदुका सुधारल्या, दारू कोरडी ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या आणि एकोणिसाव्या शतकात कमानीचे दिवस सरले. ती बनवणारे कमानगर मग काय करू लागले? याचे उत्तर शब्दकोशात सापडते. हिंदी-उर्दूत 'कमंगर' या शब्दाचे कमान बनवणारा, हाड बसवणारा आणि चितारी असे तिन्ही अर्थ आहेत. कच्छमध्ये भिंतींवर चित्रे काढणारे कारागीर कमांगर म्हणूनच ओळखले जातात आणि त्या चित्रशैलीला कमांगरी म्हणतात. विचार केला तर हे अगदी सरळ आहे. ज्याच्या हाताला स्नायू, शिंग, बाक आणि ताण यांची जाण, तो निखळलेले हाड बसवील. ज्याने कमानीवर वेलबुट्टी काढली, तो भिंतीवर हत्ती-घोडे काढील. हात टिकले, कमान मात्र गेली. सरस किती पातळ करायचा, दोन थरांत किती दिवस जाऊ द्यायचे, पावसाळ्यात काम कधी थांबवायचे, शिंग डोळ्यांनी पाहून कसे निवडायचे, हे ज्ञान कागदावर फारसे उतरले नाही. बापाकडून मुलाकडे जात होते. एका पिढीने मुलाला वेगळा धंदा शिकवला आणि साखळी तुटली. तुर्कस्तानने आपली तिरंदाजी जपली आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत तिची नोंद झाली. आपल्याकडच्या शिंगाच्या कमानी संग्रहालयांच्या काचेमागे आहेत. त्यांतल्या बहुतेकींवर आज दोरी चढवायची कोणाची हिंमत होणार नाही.

मला या साऱ्यात सर्वांत जास्त लागते ते हेच. रेल्वेत पूर्वी गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके मारत जाई. ठणठणीत आवाज आला तर चाक धड; बद्द आला तर चीर. आज अल्ट्रासोनिक यंत्रे आहेत, ती अधिक बिनचूक आहेत आणि ती असलीच पाहिजेत. पण त्या कानाने काय काय ओळखले ते कोणी लिहून ठेवले? भट्टीच्या ज्वाळेचा रंग पाहून तापमान सांगणारे, रूळ हाताने चाचपून तो कुठे दबला आहे ते सांगणारे, अशी माणसे आपल्या या गावात होती. भिलाई उभी राहताना विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून आलेली आपली मंडळी त्यांतलीच. काही अजून आपल्यात आहेत, मंडपात पुढच्या खुर्च्यांवर बसलेली दिसतात.

म्हणून या निमित्ताने मंडळाला एक विनंती. आपल्या ज्येष्ठ सभासदांनी हाताने जे शिकले, ते पुढच्या स्मरणिकांमधून थोडे थोडे लिहावे. स्वतः लिहिणे जमत नसेल तर नातवंडांना सांगावे आणि त्यांनी उतरवून घ्यावे. भाषा कशीही असली तरी चालेल. कुठले लाकूड कशाला, कुठल्या हवेत काय करू नये, कुठला आवाज आला की काम थांबवायचे, एवढे लिहिले तरी पुष्कळ. बाबराने आपल्या नादुरुस्त कमानीची दोन-तीन ओळींत तक्रार लिहून ठेवली, म्हणून पाचशे वर्षांनी आपल्याला तिची गोष्ट कळली. कमानगराने काही लिहिले असते, तर आज ती कमान करताही आली असती.

विघ्नहर्ता गजानन आपल्या सर्वांना आरोग्य देवो आणि आपल्या मंडळाची कमान अशीच चढती राहो, ही प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!